लिलावातलं घर स्वस्त मिळतं, पण ताबा कुठला ते आधी बघा

तुम्ही विचारलंय की पुण्यात सिंहगड रोडला बँकेच्या लिलावात फ्लॅट बाजारभावापेक्षा दहा-बारा लाखांनी स्वस्त दिसतोय, तर घ्यावा का आणि त्यावर कर्ज मिळेल का. खाली दोघा-तिघांनी "दुसऱ्याच्या तळतळाटाचं घर घेऊ नका" असं लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला ऐकवलं होतं आणि आमच्या वास्तुशांतीला तो आला नाही.

आम्ही २०१८ मध्ये धायरीत असाच फ्लॅट घेतला. त्याच इमारतीत तेवढ्याच फ्लॅटला बेचाळीस लाख चालू होते. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली बोली घेत नाहीत ती, एकतीस लाख; आम्हाला बत्तीस लाख चाळीस हजारांना सुटला. बोली लावायला तीन लाख दहा हजार आधीच भरले होते. बोली आपली ठरली की ते धरून किमतीचे पंचवीस टक्के पुरे करायला लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंतच वेळ असतो, म्हणून आणखी पाच लाख दुसऱ्या दिवशी भरले. उरलेले चोवीस लाख तीस हजार पंधरा दिवसांत भरायचे होते. मुदत ठेवी मोडल्या, माझे दागिने तारण ठेवले, पंधरा लाखांचं कर्ज काढलं. बँकेने विक्री प्रमाणपत्र दिलं तेव्हा मला वाटलं, झालं घर.

झालं नव्हतं. नोटिशीत "प्रतीकात्मक ताबा" हे दोन शब्द होते. मी ते वाचले होते, पण अर्थ समजून घेतला नव्हता. बँकेने दारावर फक्त नोटीस चिकटवली होती, आत ते कुटुंब राहतच होतं. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापायी तारण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) चौदाव्या कलमाखाली बँकेने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आदेश आला की तारीख, मग पोलीस बंदोबस्त मिळाला तर ताबा. त्यात दहा महिने गेले. बँकेतले साहेब दर वेळी "पुढच्या महिन्यात" म्हणायचे. आम्ही चौदा हजार भाडं भरून शिवाय हप्ता भरत होतो.

ताब्याच्या दिवशी पंचनामा चालू असताना ते गृहस्थ जिन्यात उभे होते. माझ्याशी बोलतील असं वाटलं नव्हतं. निघताना एवढंच म्हणाले, "ताई, मोरीतला डावा नळ जोरात फिरवू नका, आटे गेलेत. आणि पाणी पहाटे साडेपाचला येतं, टाकी तेव्हाच भरून घ्या." मला उत्तर सुचलं नाही. ते आजही आठवतं आणि वाईट वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि पाप करणं वेगळं.

दादाशी माझा वाद इथेच आहे. त्या माणसाचं घर मी घेतलं नाही. ते कर्जापायी आधीच गेलं होतं. थकबाकीची मागणी नोटीस, त्यानंतरचे साठ दिवस, मग ताबा नोटीस, मग लिलावाची नोटीस, हे सगळं मी चित्रात येण्याआधी झालेलं. लिलावाचा पैसा त्याच्याच कर्जात वळता होतो. बँकेचं देणं आणि खर्च भागून वर काही उरलं तर ते कर्जदाराला परत द्यावं लागतं, त्याच सरफेसी कायद्याच्या तेराव्या कलमात तसं आहे. कमी पडलं तर उरलेली रक्कम बँक त्याच्याकडूनच मागते. म्हणजे तळतळाटाच्या भीतीने लोक बोली लावायलाच आले नाहीत, तर राखीव किंमत खाली येते, व्याज चढत राहतं आणि नुकसान त्याचंच होतं. दादाला हे तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, कायदा मला शिकवू नकोस.

आता स्वस्ताईचा हिशेब. दहा महिन्यांचं भाडं एक लाख चाळीस हजार, सोसायटीची थकबाकी एक लाख पंच्याऐंशी, महापालिकेचा मिळकतकर सेहेचाळीस हजार, दुरुस्ती दोन लाख दहा. नऊ लाख साठ हजारांच्या फायद्यातले पावणेचार राहिले. त्यातून ताबा नसताना भरलेलं व्याज काढा, जेमतेम अडीच लाख. "जसे आहे, जिथे आहे" या अटीवर विक्री असते, म्हणजे घर असेल तसं, त्याच्या थकबाकीसकट आपल्या गळ्यात, त्यामुळे बोलीआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून थकबाकी लेखी घ्या. विजेचं बिलही विचारा. आणि वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल) काढल्याशिवाय एक रुपया भरू नका.

प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असेल तर बिनधास्त घ्या. प्रतीकात्मक असेल आणि तुम्ही भाड्याने राहत असाल, तर माझ्या मते घेऊ नका.

कर्ज मिळतं, पण मंजुरी बोलीच्या आधी हातात हवी. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, तीन महिन्यांच्या पलीकडे नाही आणि तीही बँकेच्या मर्जीवर. पैसे भरता आले नाहीत तर ते पंचवीस टक्के जप्त. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ही जप्ती योग्य ठरवली आहे. प्रतीकात्मक ताब्याच्या घरावर कर्ज द्यायला काही बँका सरळ नाही म्हणतात, आम्हाला दोन ठिकाणी नकार मिळाला.

एक राहिलंच. कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला असेल तर गोष्ट लांबते. पूर्ण थकबाकी भरून घर सोडवायचा त्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, पण बँकेच्या कारवाईलाच तो आव्हान देऊ शकतो. असा अर्ज पडलाय का, हे बँकेला ईमेल करून विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. आमच्या बाबतीत तसं काही नव्हतं, तरी दहा महिने लागले.

नोटिशीत ताब्यापुढे काय लिहिलंय ते तुम्ही प्रश्नात दिलेलं नाही. ते बघून इथे लिहा, मग पुढचं सांगते.