ऑपरेशनच्या तारखेआधी खरेदीखत नको

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमानांना गालाचा कॅन्सर निघाला. मुंबईला टाटामध्ये ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन ठरलंय. धाराशिवचं दोन खोल्यांचं घर आणि पुढचं टेलरिंगचं दुकान विकून सगळ्यांनी नवी मुंबईत भाड्याने राहायचं, असं घरात चाललंय. दिरांनी 22 लाखांचं गिऱ्हाईक आणलंय, पंधरा दिवसांत खरेदीखत करा म्हणतात. लेक लातूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती कॉलेज सोडून मुंबईत 15 हजारांची कॉल सेंटरची नोकरी धरायला निघालीय. मुलगा दहावीत. आणि तुम्ही एवढंच विचारलंय, "तिला वर्षभराने परत घेतील ना?"

ती ज्या पद्धतीने सोडायला निघालीय, तशी सोडली तर नाही घेणार. प्रवेश रद्द करून दाखला काढला की कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळालेली जागा गेली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझ्या घरात हे घडलेलं आहे. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आमचं सोलापूरचं घर आठ दिवसांत गेलं. घेणाऱ्याला आमची घाई माहीत होती आणि त्याने ती भावात वसूल केली. थोरला भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. "सरांशी बोललोय, सांभाळून घेतील" म्हणाला आणि मुंबईला आला. सर भले होते, पण त्यांची बदली झाली. दीड वर्षाने भाऊ परत गेला तर हजेरीपटावर नाव नाही, अभ्यासक्रम बदललेला आणि कागद एकही नाही. त्याचा डिप्लोमा राहिला तो राहिलाच. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, लेकीच्या बाबतीत तोंडी काही ठेवू नका.

आता हिशेब बघू. तुम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून. म्हणजे जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे तिची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. कॉलेज सोडून वाचणार काय? वसतिगृह आणि मेसचे महिन्याचे सहा हजार. ते वाचवायला ती डिग्री मोडणार आणि मिळालेले 15 हजार नवी मुंबईच्या भाड्यातच जाणार. शिवाय नोकरीच्या पाळ्या करून ती वडिलांजवळ थांबणार कधी?

तिची सेमिस्टर परीक्षा दीड महिन्यावर आहे. ती तिने द्यावी. ऑपरेशनच्या दिवसांत हजेरी बुडेल. त्यासाठी आजच प्राचार्यांच्या नावे अर्ज करा, टाटाच्या कागदांची प्रत जोडा आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पुढचं सेमिस्टर अगदीच झेपणार नसेल तर खंड घ्यावा, पण प्रवेश चालू ठेवून, विद्यापीठाचा नियम विचारून, लेखी परवानगीनेच. मुलाला मात्र कुठेही हलवू नका. दहावीचं वर्ष आहे, आजीजवळ राहू द्या.

घराबद्दल बोलणं माझं काम नव्हे, तरी बोलते, कारण मुलीचं शिक्षण त्याला बांधलं गेलंय. मुंबईत किती महिने राहावं लागेल, हे डॉक्टरांना विचारलंत का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. गालाच्या ऑपरेशननंतरचं रेडिएशन साधारण सहा आठवड्यांचं असतं, आठवड्याचे पाच दिवस. आधीच्या तपासण्या, ऑपरेशन, जखम भरणं असं सगळं धरलं तरी सहसा चार-पाच महिन्यांचा मामला होतो. तेवढ्यासाठी कायमचं घर विकायचं? आणि हेही विचारा, "रेडिएशन बार्शीला घेतलं तर चालेल का?" बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल तुमच्यापासून एसटीच्या अंतरावर आहे. टाटाचे डॉक्टर हो म्हणाले तर मुंबईचा मुक्काम निम्म्यावर येईल.

पैशासाठी आधी टाटाच्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार बरोबर न्या. राहण्यासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेचं स्लीपरचं तिकीट मोफत असतं आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून मिळतो.

एवढं करूनही कमी पडलं तर घर विकू नका असं मी म्हणणार नाही. माणसापुढे घर मोठं नाही. पण ऑपरेशनच्या धास्तीत असलेल्या माणसाला निबंधक कार्यालयात बसवून सह्या घेऊ नका. "कुलमुखत्यारपत्र करून ठेवू, व्यवहार नंतर बघू" असंही कुणी सुचवेल. ज्याने दिलं तो माणूस गेला तर ते कागद तिथेच संपतात, हे कडू असलं तरी आधी माहीत असलेलं बरं. गिऱ्हाईक खरं असेल तर दोन महिने थांबेल. तोवर आणखी दोघांना भाव विचारा.

आणि त्या दुकानाबद्दल एक. ऑपरेशननंतर काही आठवडे नाकातल्या नळीतून पेज, डाळीचं पाणी द्यावं लागेल. बोलणं अस्पष्ट होईल. मानेतल्या गाठी काढल्या तर खांदा जड होतो, तो फिजिओथेरपीच्या व्यायामाने मोकळा करावा लागतो. पण ताई, शिलाई यंत्रावर बसायला जबडा लागत नाही. बोटं त्यांची तीच आहेत. अठरा वर्षं ज्या दुकानात माप घेतलं, ते दुकान राहिलं तर त्यांना परत यायला जागा राहील. तुमच्या पत्रात सगळ्यांचं मत आहे, त्यांचं नाही. आज रात्री त्यांना विचारा.

लेकीला माझा निरोप सांगा: तू घर सावरायला निघालीस, ते मला कळतंय आणि तुझं कौतुक वाटतं. शेवटचा पेपर झाला की त्याच रात्री लातूर-मुंबई एक्स्प्रेसने बाबांकडे जा. तोवर मामा थांबतील का, ते तू स्वतः त्यांना फोन करून विचार.

डॉक्टरांनी तारखा दिल्या की मला लिहा. प्राचार्यांच्या अर्जाचा कच्चा मसुदा तिने पाठवला तर मी त्याच दिवशी दुरुस्त करून देईन.