घराची किंमत बोलताना

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि सध्या वर्तकनगरला भाड्याने राहतो. पाचपाखाडीतील सुमारे 30 वर्षे जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा एक फ्लॅट आम्हाला मनापासून आवडला आहे. मालक निवृत्त काका-काकू असून ते मुलाजवळ पुण्याला राहायला जाणार आहेत. त्यांनी 1 कोटी 35 लाख रुपये सांगितले आहेत आणि आमची कितीही ओढाताण केली तरी 1 कोटी 25 लाखांच्या पुढे जाता येत नाही. सासऱ्यांचे म्हणणे आहे की सुरुवात 1 कोटीपासून करावी, घासाघीस केल्याशिवाय भाव उतरत नाही. एजंट म्हणतो की दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन द्या. काका-काकूंचा अपमान न होता कमी किंमत कशी सांगावी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : 1 कोटी सांगू नका. सासऱ्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, पण ज्या घरात माणसाने वर्षानुवर्षे काढली त्याची किंमत एक चतुर्थांशाने खाली ओढली, की समोरचा माणूस तुमचा पुढचा आकडा ऐकण्याच्या मनःस्थितीतच राहत नाही. कमी किंमत सांगण्यात अपमान नसतो. ती कशाच्या आधारावर सांगितली हे कळले नाही, तर मात्र तो वाटतो. म्हणून आधी आधार शोधा.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीत झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचे गोषवारे, पाहता येतात. गेल्या वर्ष-दीड वर्षातले दोन-तीन व्यवहार काढा आणि त्यांतले क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतले, वापराचे) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून) हे नीट वाचा, कारण जुन्या करारनाम्यांत बहुधा बिल्ट-अप लिहिलेले असते आणि एजंट त्याच आकड्याला कार्पेट म्हणून मोकळा होतो. नोंदलेली रक्कम हीच दर वेळी खरी रक्कम असते असेही नाही, तरी अंदाज बांधायला ती पुरते. समजा, हे व्यवहार 1 कोटी 20 ते 1 कोटी 24 लाखांच्या दरम्यान दिसले, तर तुम्ही 1 कोटी 18 लाखांपासून बोलणे सुरू करण्यात काहीही गैर नाही. काका बहुधा पुनर्विकासाचा मुद्दा काढतील, कारण पाचपाखाडी-नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या किमतीत ती आशा मिसळलेली असतेच. अशा वेळी सर्वसाधारण सभेचा ठराव झाला आहे का आणि विकासकाशी करार नोंदवला आहे का, एवढेच शांतपणे विचारा. यांपैकी काहीच झाले नसेल, तर केवळ आशेसाठी जादा पैसे मोजू नका.

आकडा तोंडातून काढण्याआधी तुमची 1 कोटी 25 लाखांची मर्यादा खरोखर पेलणारी आहे का, हेही तपासा. 75 लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ शकत नाही, म्हणजे किमान 31 लाख 25 हजार रुपये तुमच्या पदरचे हवेत. ठाणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे, ते 8 लाख 75 हजार होते, आणि नोंदणी शुल्क 30 हजार. एकूण 40 लाख 30 हजार रुपये झाले आणि यात दलाली, सोसायटीचे शुल्क व किरकोळ दुरुस्ती धरलेलीच नाही. घर फक्त तुमच्या पत्नीच्या नावे घेतले, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते आणि सव्वा लाख रुपये वाचतात. दोघांची नावे घातली तर ही सवलत मिळत नाही. इमारत जुनी असल्यामुळे बँक स्वतःचे मूल्यांकन करून घेईल आणि ते कमी आले तर कर्जही कमी मिळेल, हे गृहीत धरून पूर्वमंजुरीचे पत्र आधीच हातात ठेवा. मालकाच्या दृष्टीने हे पत्र दोन-तीन लाखांच्या जादा बोलीइतके मोलाचे असते, कारण अर्ध्यावर कर्ज नाकारले गेलेली गिऱ्हाइके त्यांनी पाहिलेली असतात.

आता रीतीबद्दल. घर पाहायला गेल्या दिवशीच किंमत बोलू नका आणि घरातल्या उणिवा त्या घरात उभे राहून मोजू नका. साधारण वीस वर्षांपूर्वी आम्ही नौपाड्यात एक घर पाहायला गेलो होतो. स्वयंपाकघरात शिरताच माझे यजमान सहज म्हणाले, "हा ओटा तर फोडावाच लागेल." तो कडाप्प्याचा ओटा त्या घरच्या काकूंनी शिकवण्यांच्या पैशांतून हौसेने करून घेतला होता, हे आम्हाला नंतर कळले. त्यांनी चहाचे कप आमच्यापुढे ठेवले, पण त्यानंतर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढे आम्ही किंमत वाढवूनही ते घर आम्हाला मिळाले नाही. ओटा फोडायचा, फरशी बदलायची, वायरिंग नव्याने करायचे, हा सगळा खर्च आपल्या वहीत लिहावा, त्यानुसार आपला आकडा ठरवावा आणि मालकांना फक्त तो आकडा सांगावा.

सांगताना शक्यतो समक्ष आणि दोघांच्याही देखत सांगा. "काका, घर तुम्ही निगुतीने सांभाळले आहे आणि आम्हाला ते हवे आहे. याच इमारतीतले अलीकडचे व्यवहार पाहून आणि दुरुस्तीचा खर्च धरून आमचा हिशेब 1 कोटी 18 लाखांवर येतो. तुम्ही विचार करून दोन-चार दिवसांनी सांगा," इतके बोलून थांबा. पुढचे मौन अवघड वाटते आणि घाईघाईने आपणच आणखी दोन लाख वाढवून बसतो. तसे करू नका. दुसऱ्या फेरीत वाढ लहान ठेवा, आणि 1 कोटी 25 लाख हा शेवटचा आकडा म्हणून सांगितलात की तो खरोखर शेवटचा असू द्या. शेवटचा म्हणून पुन्हा वाढवणाऱ्याच्या पुढच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मात्र तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट किमतीबद्दलची नाही. काका-काकू पुण्याला जाणार आहेत, पण कधी, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा विचारलेलेही नाही. मुलाच्या नव्या घराचा ताबा दिवाळीनंतर मिळणार असेल, तर आधी घर रिकामे करण्याची धास्ती त्यांच्या मनात असणार. तुम्ही भाड्याच्या घरात आहात, म्हणजे दोन-तीन महिने थांबणे तुम्हाला शक्य आहे. साठेखतात, म्हणजे विक्रीआधीच्या करारात, अंतिम रकमेची आणि ताब्याची तारीख त्यांच्या सोयीने पुढची ठेवू, असे तुम्ही आपणहून सांगितलेत, तर जे काही लाख घासाघिशीने सुटणार नाहीत ते यामुळे सुटण्याची शक्यता अधिक आहे. म्हातारपणी बिऱ्हाड दोनदा हलवावे लागणार नाही, याचे मोल त्यांना कळते.

एजंटची दुसरी पार्टी खरीही असू शकते, म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. तीन दिवसांची मुदत मागा. टोकन द्यायचेच झाले, तर ते लहान असावे, मालकाच्या नावाने चेकने किंवा बँकेतून द्यावे आणि कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास ते परत मिळेल, असे पावतीवर लिहून घ्यावे. शेअर सर्टिफिकेट, आधीच्या करारनाम्यांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला यांच्या प्रती त्याआधी मागा. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीचा असल्यामुळे तुम्हाला 1 टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरावा लागेल, हेही काकांना बोलणी चालू असतानाच सांगा. ऐनवेळी सव्वा लाख कमी आले की ज्येष्ठ माणसांना फसवले गेल्यासारखे वाटते. मध्ये पितृपक्ष येत असेल, तर टोकनचा आग्रह धरू नका. ते पंधरा दिवस वकिलाकडून कागद तपासून घेण्यासाठी फार सोयीचे असतात.

प्रश्न : नेरूळमध्ये फ्लॅटची किंमत ठरली, पण आता मालक म्हणतात की सिडकोचे हस्तांतरण शुल्क आणि सोसायटीची "देणगी" तुम्हीच भरा. हे योग्य आहे का? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोची आणि भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे हस्तांतरणाचे शुल्क सहसा येते आणि ते कोणी भरायचे हे आपापसांत ठरवायचे असते. किमतीसोबत ते ठरवले नाही, ही चूक दोघांची आहे, तेव्हा निम्मे-निम्मे वाटून घेण्याचा प्रस्ताव तुम्ही आधी मांडा. सोसायटीला मात्र हस्तांतरण अधिमूल्य (घर नव्या नावावर करण्याचे तिचे शुल्क) म्हणून 25 हजारांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि देणगीची सक्तीही करता येत नाही, हे सचिवांना लेखी आणि नम्रपणे कळवा. मालकांनी काही रक्कम रोखीने मागितली, तर स्पष्ट नकार द्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्यालाच होऊ शकतो. एवढे सांगितले की बहुतेक मालक तो विषय पुन्हा काढत नाहीत.

प्रश्न : ऐरोलीतले आमचे घर मी एका तरुण जोडप्याला तोंडी कबूल केले. दुसऱ्याच दिवशी तीन लाख जास्त देणारे गृहस्थ आले. अजून टोकन घेतलेले नाही. काय करावे? — एक वाचिका, ऐरोली

उत्तर : कागद झालेला नसल्यामुळे कायद्याने तुम्हाला बांधून ठेवणे अवघड आहे, पण शब्द दिलेला आहे, म्हणून माझे मत त्या जोडप्याच्या बाजूचे आहे. त्यांना फोन करून आणखी एक बोली आल्याचे खरे सांगा. आकडा सांगून चढाओढ मात्र लावू नका. टोकन आणि बँकेचे पूर्वमंजुरीचे पत्र यांसाठी आठ दिवसांची मुदत द्या आणि त्या गृहस्थांना, घर सध्या शब्दात अडकले आहे, तसे काही झाल्यास कळवते, असे सांगून त्यांचा नंबर लिहून ठेवा. आठ दिवसांत जोडप्याकडून काहीच आले नाही, तर त्यांना एकदा कळवून मगच तो फोन करा.