वरच्या मजल्याच्या खिडक्या मोठ्या का?

प्रश्न : लेकीकडे नॉटिंगहॅमला गेलो होतो, तेव्हा डर्बीशायरमधला हार्डविक हॉल पाहिला. तळमजल्याच्या खिडक्या लहान आणि सगळ्यात वरच्या सगळ्यात उंच, हे उलटं कसं? शिवाय काही खिडक्यांना बाहेरून काच होती, पण आत भिंतच!
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बरोबर तेच पाहिलंत तुम्ही. त्या घरासमोर मीही मान दुखेपर्यंत उभी राहिले होते.

मालकीण बेस, म्हणजे श्रूसबरीची काउंटेस एलिझाबेथ. साठी उलटल्यावर तिने हे घर बांधायला घेतलं, १५९० ते १५९७. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. खाली स्वयंपाकघर आणि नोकरचाकर, मधल्या मजल्यावर रोजचा संसार, आणि सगळ्यात वर मानाची दालनं, राणी आली तर तिच्यासाठी. ज्या मजल्याचा मान मोठा, त्याच्या खिडक्या मोठ्या. राणी एलिझाबेथ तिथे कधी आलीच नाही, पण वरच्या लांबलचक गॅलरीत, म्हणजे बंदिस्त दालनात (जवळपास ५० मीटर!) तो उजेड पाहिला, की बाईंचा हट्ट पटतो. काच त्या काळी फार महाग होती, म्हणून दारावरून जाणाऱ्यालाही श्रीमंती कळत असे.

आता आतली भिंत. एवढी काच लावायची, तर धुराडी बाहेरच्या भिंतींत मावणार कशी? म्हणून ती घराच्या आतल्या जाड भिंतींत घेतली. तरीही कुठे धुराडं, कुठे मजल्याची जमीन मध्ये आडवी येतेच. तिथे खिडकी वगळली असती, तर दर्शनी बाजूचा तोल गेला असता. मग बाहेर काच, आत दगड. ही लबाडी मला मनापासून आवडते, कारण तीत बाहेरच्या माणसाचा विचार आहे.

आपल्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत याच्या उलट. रस्त्याकडे भिंत, उजेड सगळा चौकातून. उन्हापासून बचाव करायचा होता ना! हार्डविकला थंडीचा प्रश्न होता, म्हणून भिंतींवर लोकरीचे विणलेले चित्रमय पडदे टांगले आणि जमिनीवर लव्हाळ्याच्या चटया अंथरल्या. तशा चटया अजूनही पायाखाली करकरतात.

मुख्य दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. पुन्हा गेलात, तर उतरत्या दुपारी समोरच्या आवारात थांबा. ऊन काचांवर आलं, की खऱ्या खिडक्या कोणत्या आणि खोट्या कोणत्या, ओळखता येत नाही. आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली बेसची आद्याक्षरं, ई आणि एस, आकाशावर स्वच्छ उठून दिसतात.