ड्रॅगच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल

सांगलीत राहून ड्रॅगची, म्हणजे सरळ रेषेतल्या थोड्या अंतराच्या शर्यतीची, हजार हॉर्सपॉवरची गाडी बांधण्याचा तुमचा बेत मला मनापासून आवडला. मात्र अ‍ॅक्सल (मागची चाके फिरवणारा आस) केवळ इंजिनाच्या आकड्यावरून निवडू नका, कारण गाडीचे वजन, टायरची पकड आणि सुटतानाचा झटका हे तिन्ही एकत्र आले की शाफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सलमधला चाकाला जोडलेला दांडा, तुटतो.

फोर्डचा नऊ इंची किंवा डाना कंपनीचा डाना ६० या अ‍ॅक्सलांपैकी एक घ्या. डाना जड असला तरी दणकट आहे. फोर्डचा क्राउन-पिनियनचा (इंजिनाची फिरकी चाकांकडे वळवणाऱ्या दोन गिअरचा) संच पुढून अखंड निघतो, म्हणून गिअर बदलणे सोपे जाते. शाफ्ट ३५ स्प्लाइनचेच (टोकाला ३५ दाते असलेलेच) घ्या.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सी-क्लिपवर (शाफ्टचे आतले टोक धरणाऱ्या C आकाराच्या कडीवर) टिकणारा अ‍ॅक्सल तसाच ठेवणे. शाफ्ट तुटला तर चाकच बाहेर येते. स्पूल, म्हणजे मागची दोन्ही चाके कायम एकाच वेगाने फिरवणारा जोड, मिरजेच्या रस्त्यावर फिरवायच्या गाडीला मुळीच नको. गिअरचे गुणोत्तर टायर ठरल्यावर पाहू.