औषधांना दाद न देणाऱ्या तोंडातल्या जंतूंवर लवंग, ओवा खरंच चालतात का?

चालतात. पण पुढे तुम्ही विचारलंय की मग अँटिबायोटिक सोडून लवंगेचं तेलच लावू का, तर तसं नाही.

माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट यावरच होता. जंतू एन्टेरोकॉकस फिकॅलिस, रूट कॅनाल करूनही दात परत त्रास देतो तेव्हा बऱ्याचदा आत हाच सापडतो. सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक त्याला मुळातच लागू पडत नाहीत, रूट कॅनालमध्ये जंतू मारायला भरतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तो पचवतो. जंतू पसरलेल्या प्लेटवर लवंगेच्या तेलाची डिस्क, म्हणजे तेलात भिजवलेली कागदी चकती, ठेवली तर झोन, म्हणजे तिच्याभोवतीचं जंतू न उगवलेलं वर्तुळ, आला जेमतेम, कडेला चिकटलेला. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी प्लेट उजेडात धरली आणि म्हणाले, हा आजीबाईचा बटवा आहे, सायन्स नाही. अहो, तेल आहे ते! प्लेटमधली आगरची जेली म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यात तेल पसरणार कसं, शिवाय इन्क्युबेटरमध्ये उडूनही जातं, झोन लहान येतो तो त्यामुळे. म्हणून तर मी तेल पाण्यात मिसळवणारं ट्वीन ८० घालून ब्रॉथ डायल्यूशनही, म्हणजे पातळ खाद्याच्या नळ्यांत कमीजास्त तेल घालून जंतू वाढतात का ते बघणं, केलं होतं, नळ्या समोरच स्टँडमध्ये होत्या, कंट्रोलची, म्हणजे बिनतेलाची, जंतू वाढून गढूळ आणि जास्त तेलाच्या स्वच्छ, त्यातला थेंब प्लेटवर पसरला तरी काही उगवलं नव्हतं. ते बघायला सरांना वेळ नव्हता. मार्क कापले ते कापलेच.

लवंगेतलं युजेनॉल जंतूचं आवरणच खिळखिळं करतं, अँटिबायोटिकपेक्षा मारण्याची तऱ्हाच वेगळी, म्हणून गोळ्यांना सरावलेला जंतूही त्याने मरू शकतो. ओव्यातलं थायमॉलही तसंच. लिस्टरिनमध्ये तेच थायमॉल आहे, त्याला कुणी बटवा म्हणत नाही.

खरी अडचण बायोफिल्मची, म्हणजे दातावर जंतूंचा जो चिकट थर बसतो त्याची. मोकळ्या जंतूला मारणारं प्रमाण थर करून बसलेल्याला पुरत नाही, वर लाळ सगळं धुऊन नेते. त्यामुळे किडलेल्या दाताला डेंटिस्टच लागतो. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, तर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेली गोळी तरी तिथे कशी पोचणार?

आणि हो, नुसतं तेल हिरडीला लावू नका, भाजतं. लहान मुलांना तर नाहीच नाही.

कुणी यावर प्रोजेक्ट करत असेल तर तेलाला डिस्क लावूच नका, गाईड काहीही म्हणोत. थेट ब्रॉथ करा, जमलं तर काढलेल्या दातांवर बायोफिल्म वाढवून त्यावर तपासा, म्हणजे पट्टी घेऊन झोन मोजणाऱ्यांना बोलायला जागाच उरणार नाही.