साडेपाच हजार युरोची रुबेन्स कॉपी: घ्यायची का?

नमस्कार ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. या ताई आणि त्यांचे मिस्टर म्युनिकला असतात, दोन वर्षांनी पुण्याला परत यायचा विचार आहे. तिथल्या आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयातलं, सतराव्या शतकातल्या रुबेन्स या चित्रकाराचं 'ल्युकिप्पसच्या मुलींचं अपहरण' (ग्रीक कथेतल्या दोन बहिणींना पळवून नेतात ते) हे चित्र त्यांच्या मनात इतकं बसलंय की त्याची हाताने रंगवलेली कॉपी हवीय. दोन कोटेशन आलीत, दोन्ही साधारण निम्म्या साइजची. एक म्युनिकच्याच कॉपी करणाऱ्या चित्रकाराचं, ४,६०० युरो, फ्रेमचे ९०० वेगळे. दुसरं चीनमधल्या शेन्झेनजवळच्या, अशा कॉपींसाठीच ओळखल्या जाणाऱ्या दाफेनमधल्या स्टुडिओचं, ५९० युरो, कॅनव्हास गुंडाळी करून येणार. बचत आहे १४,००० युरो, महिन्याचा खर्च ३,२००, मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट वसंतात रिन्यू व्हायचंय. आणि म्युनिकच्या चित्रकाराने सांगितलंय की याची किंमत वाढत जाईल, पैसे २४ हप्त्यांत बिनव्याजी द्या.

सगळ्यात आधी ते किंमत वाढण्याचं डोक्यातून काढून टाका. रुबेन्सला जाऊन पावणेचारशेहून जास्त वर्षं झाली, कॉपीराइट वगैरे काही उरलेलं नाही, उद्या कोणीही ब्रश घेऊन बसला तर तेच चित्र परत काढू शकतो, मग तुमचं सेकंडहँड कोण जास्त पैसे देऊन घेणार? जर्मनीत अशी वस्तू एक वर्ष ठेवून विकली तर नफ्यावर टॅक्स नाही हे तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, पण त्यासाठी आधी नफा व्हायला हवा. शिवाय भारतात कायमचे आलात की चित्र घरातलं वापरातलं सामान म्हणून सुटत नाही, आपल्याकडे पेंटिंग हे कॅपिटल अॅसेटच धरलं जातं. थोडक्यात काय, दिले ते पैसे खर्च झाले असं समजूनच हिशोब करायचा.

आता तो हिशोब. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा म्हणजे १९,२०० युरो, तुमच्याकडे आत्ताच ५,२०० कमी आहेत. त्यातून ५,५०० काढले तर उरतात ८,५००, म्हणजे पावणेतीन महिनेसुद्धा नाहीत. परदेशात नोकरी गेली की नुसता पगार थांबत नाही, राहण्याच्या परवान्याचं टेन्शनही त्याच दिवशी सुरू होतं, त्यामुळे इथे मी जरा जास्तच कडक बोलतोय, राग मानू नका. बिनव्याजी हप्ता हेही कर्जच, आणि कॉन्ट्रॅक्ट हातात नसताना दोन वर्षांचं कर्ज डोक्यावर नको. सो मोठी ऑर्डर आत्ता नाही.

पण म्हणून ५९०वालं घ्या असं मी म्हणणार नाही. दाफेनमध्ये हात चांगले असलेले लोक आहेत, पण त्या भावात चित्रकाराला वेळच किती मिळत असेल, आणि तोही फोटोवरून काम करणार. तुम्ही स्वतः लिहिलंय की त्या दोघींच्या अंगाच्या रंगावरून नजर हटत नाही. तो रंग एका थरात येत नाही हो, खाली करडट निळसर छटा, वर पातळ थर, मग कुठे गुडघ्यावर नि कोपरावर ती गुलाबी झाक. प्रिंटवर आणि स्क्रीनवर तेच पहिलं मरतं. शिवाय घाईत पाठवलेला ऑइलचा कॅनव्हास आतून ओलाच असतो, जाड रंग पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्याआधी व्हार्निश मारून गुंडाळला की चिकटतो किंवा तडकतो. मग इथे ताणून लावायचे आणि फ्रेमचे पैसे धरा, ५९० काही ५९० राहत नाहीत.

कॉपी घेण्यात कमीपणा आहे असंही मानू नका. खुद्द रुबेन्सने १६२८-२९ मध्ये माद्रिदला बसून तिशियन या आधीच्या चित्रकाराच्या 'युरोपाचं अपहरण' या चित्राची कॉपी केली, ती आज तिथल्याच प्रादो संग्रहालयात आहे. आणि १६१८ मध्ये डडली कार्लटन या इंग्रज राजदूताला त्याने चित्रांची जी यादी पाठवली ती मला फार आवडते. त्यात तो लिहितो: प्रोमिथियस, ५०० फ्लोरिन (तेव्हाचं चलन), माझ्या हातचं, गरुड मात्र स्नायडर्सने (हा दुसरा चित्रकार) काढलाय. दुसरं एक, माझ्या सगळ्यात चांगल्या शिष्याचं, त्यावर मी हात फिरवलाय. कोणाचा हात किती हे स्वच्छ सांगून व्यवहार. तुम्हीही हेच मागा: कोण रंगवणार, अंदाजे किती तास, बिलावर कॉपी हा शब्द, चित्रकाराचं नाव आणि साल, कॅनव्हासच्या मागे सही. पुण्याला सामान नेताना कस्टम्समध्ये जुनं चित्र वाटू नये म्हणून हा कागद लागेलच.

माझ्या मते असं करा. म्युनिकच्याच चित्रकाराला सांगा की पूर्ण चित्र नको, एक तुकडा करून द्या, साधारण ६० बाय ५० सेंटीमीटर, घोड्याचा लगाम धरलेल्या छोट्या क्युपिडचा (पंखवाल्या बाळाचा) भाग किंवा वरच्या मुलीचा चेहरा आणि उचललेला हात. बजेट १,५०० युरो, फ्रेमसकट, त्यावर एक युरो नाही. महिन्याला १५० वेगळे टाका, दहा महिन्यांत जमतात, तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टचंही कळेल. बाकीची बचत आधी १९,२००कडे. ऑर्डर देताना एक तृतीयांश, रंगाचा पहिला थर बघून एक तृतीयांश, उरलेले हातात मिळाल्यावर. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही झालं तर ते १,५०० पण इमर्जन्सीत जातील, हे मिस्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. आणि पुण्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ओल धरते आणि कॅनव्हासला मागून बुरशी येते.

निम्म्या साइजच्या कॉपीचा हट्ट सोडायला जड जाईल, मला कळतंय. मूळ चित्र सव्वादोन मीटर उंच आहे, निम्मं केलं तरी तो दणका येत नाही, उलट तुकडा घेतला तर मूळच्या मापात घेता येतो.  ऑर्डर देण्याआधी त्या चित्रकारालाच एका रविवारी पिनाकोटेकला बोलवा, चित्रापुढे उभं राहून विचारा की या गुडघ्याचा रंग तुम्ही कसा आणणार. काय म्हणाले ते मला कळवा.