हन्ना त्या वर्षी शिलोला गेली नाही

"ताई, बाळाला घेऊन बसले की देवाचं काम राहतं आणि कामाला उभी राहिले की बाळ रडतं. दोन्हीकडे मी चोरच."

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत ती हे बोलली तेव्हा चार महिन्यांची मुलगी तिच्या मांडीवर दूध पीत होती आणि शेजारी ठेवलेला फोन सारखा थरथरत होता. बोलता बोलता ती एका हातानं उत्तरं टाइप करत होती. कुणाच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना हवी होती, कुणाला रविवारच्या गीतांची यादी हवी होती. तिच्या परवानगीनं मी हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा एका लहान मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक (धर्मगुरू). पण ती सेवेत आली ती पाळकीणबाई म्हणून नव्हे. लग्नाआधीपासून तिला स्वतःचं पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, होतं आणि त्यासाठी तिनं शिक्षणही घेतलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण "आता बाळ झालंय, घरी बस" असा सल्ला तिला अनेकांनी दिला होता आणि त्यानं तिचं दुःख वाढलंच होतं. ज्या कामावर तिचं मनापासून प्रेम होतं, ते जणू लग्नाआधीचा छंद असल्यासारखं लोक बोलत होते.

"मी तोल कसा सांभाळू?" हा तिचा प्रश्न. सेवेतल्या नव्या आया माझ्याकडे येतात त्या बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात. मला हा शब्दच त्रासाचा वाटतो. तोल सांभाळायचा म्हटलं की दोन्ही पारडी तिच्याच हातात राहतात. त्यामुळे त्या दिवशी मी तिला वेळापत्रक करून दिलं नाही. विचारलं, "काल रात्री किती झोपलीस?"

तिला आठवून सांगावं लागलं. अकराला पाठ टेकली. एक वाजता बाळ उठलं, मग साडेतीनला. चार वाजता ती स्वतः उठली.

"चारला कशाला?"

"प्रार्थनेला. अठराव्या वर्षापासून माझा चारचा नेम आहे. तो मोडला तर मग माझ्याकडे उरलं काय?"

पण गेले काही आठवडे गुडघे टेकले की तिथेच डोळा लागायचा. जाग यायची ती बाळाच्या रडण्यानं, आणि पहिला विचार यायचा की आज पुन्हा देवापुढे झोपले. दिवस उजाडायचा तोच अपराधाच्या भावनेनं. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली. मंडळीतल्या कामांची सगळी यादी सांगताना तिचे डोळे कोरडे होते.

बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्यानं खाली येतात. त्याच सुमारास निम्म्याहून अधिक आयांना उगाच रडू येतं, चिडचिड होते. हे बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. हिला चार महिने झाले होते, म्हणून "होईल हळूहळू ठीक" म्हणून सोडून देणं मला पटेना. मी तिच्यासोबत बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करणारी एडिनबरो प्रश्नावली भरली. १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते आणि एकूण गुण ३० असतात. तिला ११ मिळाले. १३ किंवा त्याहून जास्त आले तर नैराश्याची शक्यता बरीच असते. १० ते १२ म्हणजे दुर्लक्ष करू नका, पुन्हा तपासा. आकड्यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतात. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा असतो. तिथे तिचं उत्तर "कधीच नाही" होतं. ते उत्तर वेगळं असतं तर बेरीज कितीही कमी असली तरी मी त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

तरी डॉक्टरांकडे जायला सांगितलंच. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडलंय का, हे बघायला हवं होतं. बाळंतपणानंतर दोन्ही वारंवार आढळतं आणि दोन्हींमुळे माणूस गळून जातं. तिचं हिमोग्लोबिन बरंच खाली निघालं. श्रद्धा कमी पडतेय म्हणून चार महिने जो थकवा ती झटकू पाहत होती, त्यातला काही भाग लोहाच्या गोळ्यांनी भरून येणारा होता.

इथे थोडं थांबून बोलते, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये हे उघडपणे बोललं जात नाही. मीही याच वातावरणात वाढले आहे. आईचं मन उदास आहे म्हटलं की आपण उपवास-प्रार्थना ठेवतो. प्रार्थना जरूर करावी, पण औषधाच्या जागी नव्हे. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला विश्वास वाढव असं सांगितलं नाही. त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. देवाशी बोलणं झालं ते त्यानंतर. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. हजारात एक-दोन आयांना बाळंतपणानंतर, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, तीव्र मनोविकार होतो. त्या झोपतच नाहीत, असंबद्ध बोलतात, नसलेले आवाज ऐकतात. श्रद्धाळू घरात ती बाई "देव मला बाळाबद्दल सांगतोय" असं म्हणते आणि घरचे त्याला दृष्टान्त समजतात. तो दृष्टान्त नसतो. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच तासाला इस्पितळ गाठा. हा आजार उपचारांनी बरा होतो.

दुसऱ्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. तिनं घरून एक कागद आणला होता, त्यावर ती मंडळीत करते ती सगळी कामं लिहिली होती. चौदा भरली. मी प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट विचारत गेले: "हे तुला कुणी दिलं?" शब्बाथशाळेतला मुलांचा वर्ग, उपासनेतलं गायन आणि महिलांचा अभ्यासवर्ग ही तीन कामं समितीनं रीतसर दिलेली होती. बाकी अकरा कुणीच दिलेली नव्हती. आजाऱ्यांच्या घरभेटी, पाहुण्या वक्त्यांची व्यवस्था, दारात "फक्त पाच मिनिटं" म्हणून येणाऱ्यांजवळ बसणं, नवऱ्याला येणारे फोन घेणं. ती पाळकाची बायको झाली आणि ही कामं सोबत आली. जे कधी दिलंच गेलं नाही, ते परत कसं करायचं आणि कुणाला? ती अडकली होती ती इथे. तिच्याकडे वेळ कमी होता हे खरंच, पण चोवीस तासांचे तीस झाले असते तरी कागदावर आणखी चार ओळी वाढल्या असत्या.

नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटायचं तिला हे आवडतं." तो खोटं बोलत नव्हता. तिला आवडतही होतं. त्याला लोकांची भीतीही वाटत होती. तरुण पाळक, लहान मंडळी; पाळकीणबाई दिसल्या नाहीत तर लोक काय म्हणतील हा विचार त्याच्या मनात सतत असायचा. त्यानं तो मोकळेपणानं कबूल केला, याबद्दल मला त्याचा आदर वाटला.

मी विचारलं, "बायबलमधल्या हन्नेवर कधी संदेश दिला आहेत का?" कितीतरी वेळा दिला होता. तिचं रडणं, तिचा नवस, मुलगा शमुवेल याला परमेश्वराला वाहून देणं, सगळं त्याला पाठ होतं. मी त्याला 'पहिले शमुवेल' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं मधलं वचन, बाविसावं आणि तेविसावं, वाचायला सांगितलं. हन्नेचा नवरा एलकाना सगळ्या घराला घेऊन वार्षिक यज्ञासाठी शिलोला, परमेश्वराच्या मंदिराकडे, निघाला आहे. हन्ना जात नाही. मुलाचं दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असं ती नवऱ्याला सांगते. आणि तो म्हणतो की तुला बरं वाटेल ते कर, तोपर्यंत थांब. वाचून झाल्यावर तो बायकोकडे बघत राहिला. म्हणाला, "हे मी दर वेळी ओलांडून जातो."

त्या वचनातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते "तोपर्यंत". हन्नेनं देवाची सेवा सोडली नाही. आपलं पाचारण काय याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तिनं मुदत सांगितली, आणि ती घरच्या माणसाला सांगितली, मनात ठेवली नाही. सेवेतल्या आया मनातल्या मनात "जमेल तेवढं करू" असं ठरवतात. त्याला ना मुदत असते, ना ते कुणाला ठाऊक असतं. मग राहिलेलं प्रत्येक काम चूक म्हणून तिच्या नावावर चढतं.

त्या दोघांनी बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंतची मुदत ठरवली. तोवर ती एकच काम करणार होती, मुलांचा वर्ग. समितीला हे सांगायचं होतं नवऱ्यानं, तिनं नव्हे. ही माझी अट होती, कारण ती सांगायला गेली असती तर माफी मागत सांगितलं असतं. रात्रीचंही ठरलं. नऊ ते दोन बाळ नवऱ्याकडे, मधली भूक तिनं काढून ठेवलेल्या दुधावर. अशा आईला दिवसभरातल्या तुटक डुलक्यांपेक्षा सलग चार-पाच तासांची झोप जास्त उभारी देते. चारच्या नेमाबद्दल मी काही बोलले नाही. तो सोडायचा की नाही हे सांगणारी मी कोण? तिनंच मार्ग काढला. रात्री दूध पाजताना स्तोत्रातली एक ओळ मनात घोळवायची. काही रात्री ती ओळ पुरी व्हायची, काही रात्री नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या भेटीला ती जास्त उदास होती. तिच्या जागी एक तरुण मुलगी गीतं घेऊ लागली होती आणि चांगली घेत होती. "मी मागच्या बाकावर बाळाला घेऊन उभी होते. तिचा आवाज ऐकून आनंद व्हायला हवा होता ना, ताई?" मी म्हटलं, "नाही झाला तरी चालेल." काम खाली ठेवलं की हलकंच वाटतं असं नाही, हात रिकामेही वाटतात. त्या भेटीत आम्ही दुसरं काही केलं नाही, तिला त्या रिकामेपणाबद्दल बोलू दिलं.

मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या होत्या, "आम्ही पण मुलं वाढवली, सेवा कधी थांबवली नाही." हे तिला फार लागलं होतं. मी सुचवलं, भांडू नकोस, त्यांना एवढंच विचार की तुम्ही सभेला जायचात तेव्हा बाळ कुणाकडे असायचं? बाई विचारात पडल्या. बाळ जावेकडे असायचं. घरात सात-आठ माणसं होती. त्यानंतर त्या मंगळवारी दोन तास बाळाला सांभाळायला येऊ लागल्या. दर मंगळवारी जमतं असं नाही, पण येतात.

मधल्या काळात दोनदा प्रश्नावली भरली, गुण ११ वरून ९ वर आणि मग ५ वर आले. गेल्या आठवड्यात ती आली तेव्हा तो चौदा ओळींचा कागद पुन्हा घेऊन आली. एका कामापुढे तिचं नाव होतं आणि अकरा कामांपुढे वेगवेगळ्या माणसांची नावं होती. नवऱ्याचं चार ठिकाणी. दोन कामांपुढे कुणाचंच नाव नव्हतं. ती बंद पडली होती आणि पाच महिन्यांत त्यांच्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं.

मुदत संपायला एक महिना आहे. कोणतं काम परत घ्यायचं ते पुढच्या भेटीत ठरेल. ती म्हणाली घरभेटी घेईन, मला माणसांजवळ बसायला आवडतं. गीतं त्या मुलीकडेच राहू देत.